ताईत नसलेला हात

लिओनिला कातिगबाकने मेलेल्या माणसांच्या गळ्यातून जितके ताईत काढले असतील, तितके आमच्या डोंगरावरच्या कुठल्याही मायेस्त्रोने, म्हणजे मंडळाच्या गुरूने, मंतरले नसतील. तिचं शवपेट्यांचं दुकान. गाव तिला आते निला म्हणतं. आते म्हणजे थोरली बहीण, आणि ती साऱ्या गावाची थोरली बहीण असल्यासारखीच वागते. प्रेताला अंघोळ घालायची, केस विंचरायचे, छातीवरची ताईताची पितळी चकती काढून घरच्यांच्या हातात ठेवायची. मेलेल्याच्या घरच्यांना तिने कधी एका शब्दाने डिवचलं नाही. जिवंत माणसांना मात्र ती सोडत नसे.

दर शनिवारी दुपारी त्याच दुकानात, रिकाम्या पेट्यांच्या मधे, आमची बैठक भरायची. गाव आम्हाला उलटतपासणीवाले म्हणायचं. मी तासिओ, बेकरीवाला, पाव घेऊन जायचो. दिवीना नर्स यायची, आणखी दोघं-तिघं यायचे. डोंगरावरच्या गुप्त बंधुमंडळांच्या शपथा, त्यांचे लॅटिनसारखे वाटणारे मंत्र, बंडाच्या काळातल्या त्यांच्या कहाण्या, सगळं आम्ही उकरून काढायचो. कुणाच्या श्रद्धेची टिंगल निला चालवून घेत नसे. "गुपित असेना का," ती म्हणायची, "पण प्रश्न विचारल्यावर जिथे डोळे वटारतात, तिथे पुन्हा विचारायचं."

एवढी शहाणी बाई, पण तिनेही हात दाखवून अवलक्षण केलंच.

मायेस्त्रो एलिहियोचं बंधुमंडळ दर गुड फ्रायडेला ताईतांची परीक्षा घेतं. नव्या भावाच्या उघड्या हातावर कोयता मारतात आणि हात कापत नाही. निलाने बाजारात उभं राहून लोकांना दाखवलं, की बोथट कोयता सरळ आपटला, ओढला नाही, तर नुसता वळ उठतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माणूस चढतो, तीही चढली. म्हणाली, "एकदा कोयता आमचा आणि मारणारा हात आमचा, असं होऊ द्या. मग बघू."

तिला वाटलं होतं, मायेस्त्रो टाळाटाळ करील. त्याचा लगेच निरोप आला. कबूल आहे. कोयता तुझा, हात तुझा, आणि उभा राहील तुझा भाऊ.

क्रिस्पुलो मंडळात गेलाय हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. बायको घरकामाला कुवेतला गेल्यापासून तो गप्प गप्प असायचा, एवढंच आम्ही पाहिलं होतं.

ती त्याच्याकडे गेली तेव्हा मी बरोबर होतो. तो आपली तीनचाकी पुसत होता.

"पुलो, काय ऐकतेय मी हे?"

"खरं तेच ऐकतेयस."

"अरे, कोयत्याला धार असणार. नाही लावली तर लोक म्हणतील, बहीण पडली, वाचवलं त्याला."

"मग लाव की."

"हात जाईल तुझा. मग गाडी काय पायाने चालवशील?"

तो हसला, पण फडकं खाली ठेवलं नाही. "आते, संध्याकाळी घरी गेल्यावर मी एकटा काय करतो, हे तू कधी विचारलंस? त्यांनी विचारलं."

निला मागे वळली आणि चालू लागली.

इकडे आड, तिकडे विहीर. मारलं तर भावाचा हात तुटणार. नाही मारलं तर मायेस्त्रो म्हणणार, बघा, ताईताने तिचा हात धरला. मग पुढच्या वर्षी आणखी पोरं उभी राहणार, आणि कुणीतरी खरंच मारणार. दिवीना म्हणाली, पोलिसांना सांगू. पण पोलिसांतही ताईतवाले होतेच. मी म्हणालो, आजारी पड, माघार घे. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने पाव कापायला लागलो.

गुड फ्रायडेला आमच्याकडे मोठ्याने हसतसुद्धा नाहीत. चर्चच्या लाउडस्पीकरवर बायकांचं येशूच्या दुःखाचं गाणं चाललं होतं. त्या दिवशी झालेली जखम भरत नाही म्हणतात, म्हणून घराघरात सुऱ्या गुंडाळून ठेवलेल्या. आणि आम्ही धार लावलेला कोयता घेऊन निघालो होतो.

झऱ्याजवळ सारा गाव जमला होता. मायेस्त्रोने स्वतः धार पाहिली. केळीचा जाड दांडा एका फटक्यात तुटला. पुलोने हात ओंडक्यावर ठेवला. त्याच्या गळ्यातला ताईत घामाने छातीला चिकटला होता.

निलाने कोयता उचलला. खरं सांगतो, मला त्या क्षणी तिचीच भीती वाटली. हट्टी बाई, मारेलही. कोयता वरच राहिला. मग सावकाश, बाजूने, खाली आला.

"पाहिलंत?" मायेस्त्रो म्हणाला. "कुणालाही न मानणारा हात ताईताने धरून ठेवला." लोकांनी छातीवर क्रूस काढले.

"थांबा. परीक्षा अर्धीच झालीय," निला म्हणाली. तिने कोयता भावाच्या हातात दिला, बाही वर सारली आणि स्वतःचा हात ओंडक्यावर ठेवला. "माझ्या गळ्यात काही नाही, नीट बघून घ्या. मार, पुलो."

"आते, वेडबिड लागलंय का तुला?"

"समोरच्याकडे ताईत नसला, तर मारणारा हात अडत नाही ना? मग तुला कोण अडवतंय?"

मायेस्त्रोचा चेहरा उतरला. पण तो कच्चा गडी नव्हता. "मार, भावा," तो शांतपणे म्हणाला. "शपथ घेतलीयेस. मंडळाच्या हुकमाला नाही म्हणायचं नसतं."

हे निलाने धरलंच नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण ओंडक्यावरचा हात तिने काढला नाही. पुलोने कोयता उचलला. डोक्याच्या वर नेला. मी पुढे झालो, तर दोघांनी मला मागे ओढलं.

"नाही मारवत," पुलो म्हणाला.

"का नाही मारवत?" ती अगदी हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू माझी आते आहेस म्हणून. दुसरं काय?"

"मगाशी मलाही तेवढ्यानेच अडवलं, बाळा."

मायेस्त्रोने मंत्र सुरू केला. त्याच्यामागून म्हणणारे बरेच होते, सगळे नव्हते. पुलोने कोयता मातीत रोवला आणि बहिणीची वर सारलेली बाही मनगटापर्यंत खाली ओढली.