कुंपणाची करवंदं

आंदर मावळात आमचं भातखाचर एवढंसं, की होळीपर्यंत कणगी तळाला जायची. पुढचा उन्हाळा काढायचा तो करवंदांवर. आई उजाडायच्या आत डोंगरात शिरायची, कारण ऊन चढेपर्यंत पाखरं पिकलेलं फळ ठेवायची नाहीत. मी सोबत असले की माझं काम एकच, करवंदीच्या जाळीवर बसणारे बुलबुल हाकलणं. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन आई स्टेशनपर्यंत चालायची, तिथून गाडीनं लोणावळ्याला. तिथं पर्यटकांना पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदं विकायची. माझी वह्या-पुस्तकं आणि पुढं कॉलेजची फी त्यातूनच निघाली. घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

नोकरी लागली, लोणावळ्याजवळ वलवणला घर झालं, आई माझ्याकडे आली. घरापुढच्या तुकड्यात पाखरं-फुलपाखरं येतील अशी बाग करायचं मी ठरवलं. रोपवाटिकेतला माणूस बोगनवेल गळ्यात मारत होता. रंगीत दिसते खरी, पण पाखरांच्या पोटात काय जाणार? मी धायटी घेतली, तिच्या लाल फुलांतल्या मधासाठी सूर्यपक्षी येतात. भिंतीवर गुळवेल सोडली, तिची फळं पाखरं खातात. फाटकाशी वाघाटीचा वेल, त्याच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. आणि कुंपणाला करवंद, कारण त्या काट्यांत मांजर शिरत नाही, घरटं टिकतं.

रोपं बघून आई म्हणाली, "जल्मभर ह्येच काटं हातात मोडलं. आता दारात बी त्येच व्हय?"

"अगं, पाखरांना लावतेय."

"त्यास्नी डोंगार कमी पडला का?"

मी हसण्यावारी नेलं.

काही वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, कुंपण पहिल्यांदा लगडलं. एका सकाळी बाहेर आले तर जाळीवर एक काळं फळ उरलं नव्हतं. आत बुलबुलाचं घरटं होतं. त्याला आईनं हात लावला नव्हता, पण जोडी तारेवर बसून ओरडत होती. आई ओट्यावर, पुढ्यात भरलेली टोपली, आणि ती चक्क द्रोण टाचत होती.

मी भडकले. "आता कुणाला विकायचीयत? पाखरांची होती ना ती!"

तिनं मान वर केली नाही. "तुज्या साळंसाठी पाखरांच्या तोंडचं तोडलं, तवा काय बोलली न्हाईस."

मी जवळ गेले. तिची बोटं चिकानं काळी झाली होती, मनगटावर ताजे ओरखडे. कुठल्या झाडाला कसलं पान, कसला काटा, हे सगळं मी बघून निवडलं. ते हात मात्र माझ्या हिशेबात कधी आलेच नाहीत. त्या हातांवर शिकले, आणि त्यांच्यासमोरच परत काटे लावले.

शेजारी बसून विचारलं, "तुला काय लावायचं होतं गं?"

"आता इचारतीस व्हय?" मग द्रोणात काडी खोवत, "मोगरा. वासाचा. टोचत न्हाई काई न्हाई."

"आणि ही जाळी काढू?"

"ऱ्हाऊ दे. घर हाय त्यांचं. माज्या हाताचीच खोड वाईट. पिकल्यालं दिसलं की जातोयच."

त्या पावसाळ्यात मी दाराशी मोगरा लावला. तिला विचारून लावलेलं बागेतलं ते पहिलं झाड, आणि ते सगळ्यात शेवटी आलं. ही बोच जात नाही.

यंदा आईनं ओट्याजवळच्या कुंपणावरून हाताला येतील तेवढीच करवंदं तोडली. बाकीची पाखरांनी खाल्ली. जाळीतून बुलबुलाची दोन पिल्लं उडाली आणि मोगऱ्याला फुलं आली.