सूर थांबला की

बीडला कॉलेजात असताना माझ्या खोलीशेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. पूर्वी ते गेवराईकडच्या एका बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवायचे. पुढचे दोन दात पडले आणि त्यांचं वाजवणं संपलं. दाताचा आधार गेला की ओठ फुंक धरत नाही, असं ते सांगायचे. त्यांच्या खुंटीवरच्या ट्रम्पेटकडं मी जाता-येता बघायचो. एक दिवस त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. शिकवायची उमेद त्यांच्यात उरली नव्हती. एवढंच म्हणाले, "गाण्याच्या मागं लागू नको. आधी एकच सूर धर. रोज त्याच टायमाला."

बाकीचं मी मोबाईलवर बघून शिकायला लागलो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. ह्या वयात ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढत बसायची लाजच वाटायची. कितीतरी दिवस नुसती हवा जायची आणि गाल दुखायचे. मग कधीतरी सूर लागला. जाडसर, शेवटी खाली घसरणारा, पण सूर.

आमचा धंदा मेंढरांचा. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उन्हाळ्यात माजलगाव धरणाचं पाणी मागं सरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर हिरवं फुटतं, आणि तिथं आमचा तळ पडतो. परीक्षा संपवून मी तळावर गेलो. वडलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी ट्रम्पेट उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"वाजवायचं तर लांब जाऊन वाजव," ते म्हणाले. "ह्याच्यापायी एक जरी मेंढरू गेलं, तर भंगारवाल्याला देऊन टाकीन."

ते बोलतात तसं करतात. म्हणून मी रोज दिवस कलताना धरणात गेलेल्या जुन्या गावाच्या जागेवर जायचो. पाणी उतरलं की ते गाव वर येतं. घरांच्या नुसत्या रेघा राहिल्यात, एक बुजलेला आड आहे, देवळाचा चौथरा आहे. दगडांवर शिंपले चिकटलेले असतात. मी चौथऱ्यावर बसून तो एक सूर धरायचो. दम संपला की थोडं थांबायचो, पुन्हा धरायचो. तासाभरानं परत यायचो.

तिथं मला कधीच एकटं वाटलं नाही. हे नीट कसं सांगावं कळत नाही. भीती म्हणावी तर तशी नव्हती. आपण वाजवतोय आणि कुणीतरी ऐकतंय, एवढंच. एकदा मी झटकन मागं वळून बघितलं. उघडी जमीन होती, लांबवर तळ होता, आणि तळावर काहीच आवाज नव्हता. ते मला खटकलं. संध्याकाळी तळावर कोकरं आणि त्यांच्या आया मिळून असा कालवा करतात की माणसाला माणूस ऐकू येत नाही.

आईनं ते आधीच टिपलं होतं. तू तिकडं फुंकायला लागलास की इकडं मेंढरं मुकी होतात, चरायचं थांबून जुन्या गावाकडं तोंड करून उभी राहतात, असं तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. "ओस गावात सांजंचा आवाज देऊ ने," ती म्हणाली. "आपुन कुणाला बोलवतोय ते आपल्याला कळत न्हाई." दादा हसून म्हणाले, मेंढरांना वाटत असंल रेडकू आजारी हाय. मीही हसलो. पण त्या रात्री आईनं माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, आणि मी ते करू दिलं.

निकालाच्या कामासाठी मला बीडला परत जायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी भर दुपारीच ट्रम्पेट घेऊन निघालो. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी होती, दादांचा डोळा लागला होता. पाण्यावरून सूर कसा ऐकू येतो ते मला बघायचं होतं, म्हणून मी लांबून वळसा घालून पलीकडच्या काठावर गेलो. मध्ये गाळाचा पट्टा होता. वरून वाळून भेगाळलेला, आत ओला. त्यात माणूसही कमरेपर्यंत जातं.

मी डोळे मिटून सूर धरला. बऱ्याच वेळानं उघडले, तर समोरच्या काठावर आमच्या मेंढरांचं सगळं खांड उभं होतं. एकही मेंढी ओरडत नव्हती. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. इतकी मेंढरं चालत आली आणि मला खुराचा आवाजसुद्धा आला नव्हता. मी घाबरून ट्रम्पेट खाली घेतला.

सूर थांबला आणि ती सगळी एकदम निघाली. सरळ माझ्याकडं, गाळात.

पुढची मेंढी छातीपर्यंत खाली गेली. त्याच वेळी खांडाच्या मागून दादा पळत येताना दिसले. हात वर करून ते ओरडले, "थांबू नको! वाजव! मी येईस्तवर वाजव!"

मी वाजवला. खांड जागच्या जागी थबकलं.

माझा दम किती तो मला ठाऊक होता. श्वास घ्यायला तोंड काढलं की ती एक पाऊल पुढं यायची, सूर लागला की थबकायची. मघाशीही ती अशीच काठापर्यंत आली असणार. हळूहळू ओठ बधिर झाला, मग फुटला. माउथपीसमध्ये रक्ताची चव यायला लागली. समोर दादा आपल्या एडक्याच्या शिंगांना धरून त्याला मागं ओढत होते. तो वळला तशी एकेक मेंढी वळत गेली. पुढं गेलेली मेंढी मात्र निघाली नाही. ती शेवटपर्यंत माझ्याकडंच बघत होती.

दादा मला रागावले नाहीत. घोंगडीवर बसल्यावर त्यांनी जे सांगितलं, त्यानं मला जास्त लागलं. रोज माझा आवाज बंद झाला की ते डालग्यात कोंडलेली कोकरं दूध प्यायला आयांकडं सोडायचे. घड्याळासारखा त्याचा उपयोग होत होता, मला सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती. मीही रोज त्याच वेळेला वाजवत राहिलो होतो. आम्ही दोघांनी मिळून, नकळत, मेंढरांना शिकवलं होतं की सूर चालू असेपर्यंत उभं राहायचं आणि तो थांबला की लेकरं भेटतात.

त्या संध्याकाळी माझा ओठ इतका सुजला होता की फुंक बाहेर पडेना. दादांनी कोकरं तशीच सोडली. ती आयांना ढुसण्या देत राहिली. पण आया पान्हा सोडेनात. जुन्या गावाकडं तोंड करून अंधार पडेपर्यंत उभ्या राहिल्या. दोन-तीन कोकरं उपाशीच निजली.

सकाळी मी पिशवी भरत होतो. ट्रम्पेट तिच्यात ठेवला नव्हता. भंगारात जाणार हे मी मनात मान्य केलं होतं. दादांनी तो उचलला आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"ओठ कसं धरायचं, दाव. तू गेल्यावर कोकरं उपाशी मरत्याल."

मी दाखवलं. ओठ ताणायचे नाहीत, नुसते मिटायचे, आणि पोटातून फुंकायचं. त्यांनी दोनदा नुसती हवा काढली. तिसऱ्यांदा सूर लागला, माझ्यापेक्षा स्वच्छ. मला ज्याला कितीतरी दिवस लागले होते, ते त्यांना तिसऱ्या फुंकेत आलं.

जाळीच्या कुंपणात बसलेली मेंढरं एकेक करून उठली. कालवा नाही, काही नाही. सगळी आमच्याकडं तोंड करून उभी राहिली. आई चुलीजवळून उठून कोकरांच्या डालग्यापाशी जाऊन थांबली.

दादांचा चेहरा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. त्यांनी डोळे माझ्याकडं वळवले, आणि मला कळलं की त्यांना सूर थांबवायची भीती वाटतेय.