गिरणीच्या आवाजात पापकबुली

आजाऱ्याच्या घरी कम्युनियनचा प्रसाद नेणं म्हणजे पार्सल पोचवणं नव्हे, असं मी चर्चच्या बैठकीत म्हणाले, तेव्हा निम्मी मंडळी खाली बघत होती. हक्कांची पत्रकं लिहून लिहून पोरगी बोलतेही तशीच, असं कुणीतरी पुटपुटलं. बोलते तशी. कुणीतरी बोलायला नको?

प्रश्न नाचणगावच्या एका म्हाताऱ्याचा होता. कंबर मोडल्यापासून तो खाटेवर. महिन्यातून एकदा फादर त्याच्याकडे जात, मी सोबत. ईस्टर जवळ आला तसं त्यानं ठणकावलं, आधी पापकबुली, मगच कम्युनियन. आणि पापकबुली काही होईना; ती फक्त फादरच्या कानी पडायला हवी. त्याला ऐकू फार कमी यायचं, त्यामुळे बोलायचाही तो गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. घर एका खोलीचं, दार टिनाचं. सुनेला आणि शेजारणींना बाहेर काढून तरी काय उपयोग?

बैठकीत तोडगा निघाला की त्यानं मनातल्या मनात कबूल करावं, देवाला सगळं कळतं. माझं डोकंच फिरलं. धडधाकट माणसाला चर्चमध्ये जाळीआड कुजबुजायची सोय, आणि खाटेवरच्यानं देवाच्या भरवशावर गप्प बसायचं? हा कुठला न्याय?

म्हाताऱ्याच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. ती सुरू असली की समोरच्याचं बोलणं कळत नाही. मी सरळ गिरणीवाल्याकडे गेले, पापकबुली होईपर्यंत गिरणी चालू ठेवा म्हणाले. तो आमच्या धर्माचा नव्हता, पण एवढंच म्हणाला, "रिकामी चालवली तं दगड खराब होते, ताई. ज्वारी आनाले सांगजो बायाईले."

मी घरोघरी सांगितलं. ठरल्या दुपारी डबे घेऊन बाया गिरणीशी हजर. फक्त सून खोलीतून हलेना.

"माह्याच बद्दल सांगन तो बुढा. मले ऐकू द्या नं."

तो तुमचा हक्क नाही, मी म्हणाले. चर्चवाली वकिलीण आली मोठी, असं म्हणत ती उठली आणि बायांच्यात जाऊन बसली.

गिरणी सुरू झाली. आत फादरनी दार लोटून घेतलं. बाहेर घरघरीशिवाय काही नाही. मी खूश. आणि लाइट गेली. पट्टा फडफडत थांबला, अन् त्या शांततेत म्हाताऱ्याचा आवाज लख्ख बाहेर आला, "फादर, सुनेले म्या लय..."

सून ताडकन उठली आणि गिरणीवाल्यावर तुटून पडली. "काऊन जी भाऊ, मागच्या खेपेले माह्या पिठात रेती निंगाली, ते कोन भरून देईन?" तो क्षणभर बावचळला, मग त्याला उमगलं आणि तिच्याहून वरच्या पट्टीत त्यानं तिच्या ज्वारीचा उद्धार केला. बाया दोन बाजूंना वाटल्या गेल्या. एकीला तर खरंच राग आला. दार उघडून फादर बाहेर येईपर्यंत भांडणाचा आवाज एकदाही खाली आला नाही.

मग आम्ही सगळ्याच आत गेलो. मेणबत्ती लागली, प्रार्थना झाली, म्हाताऱ्यानं कम्युनियन घेतलं. बाहेरच्या गोंधळाचा त्याला पत्ताही नव्हता. त्यानं सुनेला पाणी मागितलं आणि ती काही बोलली नाही म्हणून ओरडला, "काऊन वं, रागावली का?"

तिचा घसा पार बसला होता. तिनं मान हलवली आणि गिलास त्याच्या ओठांना लावला.