शंका आली की ताटली

नववीत मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यात मोकळं आमच्या इंग्रजीच्या गुरुजींना वाटलं असणार. मलाही वाटलं. पुढे पोटासाठी यवतमाळकडचं गाव सोडून भिलाईला आलो, तेव्हा मनात म्हटलं, चला, गाव सुटलं तसं इंग्रजीही सुटलं. पण ते माझ्याआधीच येऊन काउंटरवर बसलं होतं.

काउंटर वैशाली नगरातल्या एका लॉजचं. स्टील प्लांटच्या कामासाठी बाहेरगावचे ठेकेदार, इंजिनियर येतात, ते तिथं उतरतात. चाव्या देणं, नावं लिहून घेणं, पाणी आलं-गेलं सांगणं हे माझं काम. राहायला सेक्टर दोनमधल्या काकांच्या क्वार्टरची मागची खोली. हे काका माझे नात्यातले नव्हेत. आमच्या तालुक्यातले, प्लांटमधून रिटायर झालेले. गावचं पोरगं म्हणून त्यांनी ठेवून घेतलं, काकू दोन्ही वेळ जेवायला वाढतात. हे उपकार इतके आहेत की त्यांच्या घरात मी दारसुद्धा हळूच लोटतो. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकतो.

मग लॉजचा मालक बदलला. नव्या मालकानं पहिल्याच दिवशी आम्हाला उभं करून सांगितलं, "काउंटर पे अंग्रेजी चाहिए. बाहर की पार्टी आती है. जिसको नहीं आती, वो ऊपर चादरें देखे."

चादरी धुण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. पण वरच्या मजल्यावर गेलेला माणूस खोल्या रिकाम्या पडल्या की आधी घरी जातो, हे मी पाहिलं होतं. आणि घरी म्हणजे गावी. तिथं माझी माय शेजाऱ्यांना सांगत होती की पोरगं हॉटेलात साहेब आहे.

रात्रीच्या जेवणात ही गोष्ट निघाली. काकांचा हात ताटात थांबला.

"मी जिवंत असताना तुले चादरी धुवा लागतीन? उद्यापासून बस माह्या क्लासले."

संध्याकाळी व्हरांड्यात काहीतरी ठणठण चालते हे मला ठाऊक होतं, पण मी कामावरून उशिरा यायचो. मला वाटायचं, भजन असेल. तो क्लास होता. समोरच्या क्वार्टरमधली, बँकेच्या परीक्षा देणारी मुलगी आणि रेल्वेतले एक दादा, ज्यांचं प्रमोशन इंटरव्ह्यूवर अडलं होतं, असे दोन विद्यार्थी. मी तिसरा. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून मी ड्यूटी बदलून घेतली.

काकांचं आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलं, जिथं तयार रूळ तपासतात तिथं. दोष दिसला की रूळ बाजूला. दोष कशाला, नुसती शंका आली तरी बाजूला. "रूळ फुटला तं गाडी पडते," काका म्हणतात. खरं आहे. मी त्याच रुळांवरून गावी जातो, मला ही शिस्त हवीच आहे. पण रिटायर झाल्यावर काकांनी ती शिस्त घरी आणली आणि इंग्रजीला लावली.

प्रत्येकापुढं एक स्टीलची ताटली उपडी घातलेली आणि हातात चमचा. एकानं वाक्य बोलायचं. ऐकणाऱ्याला शंका आली की ताटली वाजवायची. वाजली की वाक्य बाद. चूक काय ते काका सांगत, पण बाद झालेला माल परत लायनीवर घेत नसत. नवं वाक्य काढा.

दादा उभे राहत, शर्ट खाली ओढत. "आय ॲम हॅविंग..."

ठण्!

"हॅविंग काऊन? जेवून राहिला का तू?"

"नाही जी, मले दोन पोरी आहेत, ते सांगत होतो."

"मंग आय हॅव म्हन. चाल, दुसरं."

"आय हॅव टू डॉटर..."

ठण्! "दोन आहेत न? एस कुठं ठेवला?"

दादांच्या मुली काय करतात, हे क्लासला आजतागायत कळलेलं नाही.

बँकवाली मुलगी जरा तिखट होती. 'माय सेल्फ'वर तिची ताटली वाजली की ती सरळ हिंदीत घुसायची. "काका, पूरा तो सुन लो पहले! पुढे चांगलं होतं ना."

"पुढे काय सुनू? डोकंच फुटलेलं आहे रुळाचं."

माझी तर गंमतच. मी 'ही डोन्ट' म्हटलं की तिन्ही ताटल्या एकदम. कोण काय सांगतोय याच्याशी कुणाला घेणं नव्हतं, सगळे चमचा उचलून टपलेले. बोलायला आम्ही शिकलो नाही, वाजवायला मात्र फार छान शिकलो. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. चूक कुठं आहे ते मला कळत नसे, पण शंका ही गोष्ट मला जन्मापासून कधी कमी पडली नाही. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, काकू रागावल्या का, दिवसभर तेच. तिथं त्या शंकेला एकदाची ताटली मिळाली. काका खूश. "कान चांगला आहे पोट्ट्याचा," ते दादांना म्हणाले. मला भरून आलं. माझ्या कुठल्याही अवयवाला शाळेत कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, त्याले एक तं वाक्य पुरं करू द्या! लेकरू केव्हाचं आय आय करून राहिलं. मले वाटलं गावची आठवन आली."

"तुले नाही समजत. एक चुकीचं वाक्य लायनीवर गेलं तं..."

"तं का? मालगाडी पडते? आना त्या ताटल्या इकडे, जेवाले पाहिजे मले."

लॉजवर या शिक्षणाचा परिणाम लगेच दिसला. आधी मी 'यस सर, रूम ओके सर, की सर' एवढ्यावर गाडा हाकत होतो. आता 'यस' म्हणालो की थांबायचो. पुढचा शब्द जिभेवर आला की कानात ठण् व्हायचं. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत उभे. एकानं मालकाला हळूच विचारलं, मुलाला झटके येतात का. मालक मला म्हणाला, "एक पार्टी और देखता हूँ. फिर ऊपर."

घरी हे सांगणार कसं? ज्यांच्या ताटात जेवतो, त्यांची ताटली नडते आहे, असं? मी रोज संध्याकाळी चमचा धरून बसत राहिलो.

ती पार्टी आली विशाखापट्टणमहून. प्लांटमधल्या शटडाउनचे, म्हणजे भट्टी बंद ठेवून दुरुस्ती करणारे लोक, बराच मुक्काम, बऱ्याच खोल्या. पुढे एक वयस्क इंजिनियर, प्रवासानं पार चुरगळलेले. मालक स्वतः खाली आला, केस पाण्यानं चापून. मला म्हणाला, "आज देखता हूँ तेरी अंग्रेजी." आणि मग मला दाखवायला की काय, आपणच सुरू झाला.

"वेलकम सर. वी विल प्रोव्हाइड यू..."

टिंग!

काउंटरवर दाबायची घंटी असते, पाहुण्यांसाठी. माझा तळवा तिच्यावर होता. मी दाबली नाही, हातानं दाबली. आतून स्वयंपाकी कणकेचे हात घेऊन धावत आला, "क्या हुआ?" मालकानं त्याला डोळ्यांनीच परत पाठवलं, घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, "वी विल प्रोव्हाइड..."

टिंग! स्वयंपाकी पुन्हा हजर.

मालकाच्या वाक्यात चूक नव्हती. बँकवाल्या मुलीनं मला नंतर हसतहसत सांगितलं. मला फक्त शंका आली होती.

मालकाचे कान लाल झाले. तो माझ्या हाताकडे बघत उभा राहिला, तिसऱ्यांदा तोंड उघडायची त्याची हिंमत होईना. वर चादरींच्या खोलीचं दार मला स्पष्ट दिसू लागलं. इतक्यात त्या इंजिनियरांनी पुढे येऊन घंटी उचलली, काउंटरच्या कडेला सरकवून ठेवली आणि मला विचारलं, "हॉट वॉटर?"

काका नव्हते, ताटली नव्हती, घंटीही हाताबाहेर. माझ्या तोंडून निघालं, "हॉट वॉटर मॉर्निंग कमिंग सर. ईव्हनिंग नॉट कमिंग. यू टेल मी, आय ब्रिंग बकेट."

वाक्य संपलं. मी वाट पाहिली. काहीच वाजलं नाही. वाक्याच्या शेवटाला इतकी शांतता असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

"गुड," इंजिनियर म्हणाले. "आय टेल यू." तेही तसंच बोलत होते. चाव्या घेऊन सगळे वर गेले.

मालक माझ्याकडे वळला. "घंटी क्यों बजाई?"

"आदत है सर."

"कैसी आदत?"

आता रूळ, शंका आणि ताटली मी त्याला कुठून समजावू? मी फडकं घेऊन घंटी पुसायला लागलो. तो वैतागून म्हणाला, "पार्टी टिक गई. तू भी टिक जा. लेकिन मैं बोलूँ तो हाथ पीछे बाँध के खड़ा रहना."

घरी मी फक्त एवढंच सांगितलं, काउंटर राहिलं. काकांचा चेहरा असा फुलला की पुढचं सांगायची सोयच उरली नाही. "राहनारच होतं," ते म्हणाले, चपला घातल्या आणि सेक्टरभर सांगत फिरले की माह्या क्लासचं पोट्टं साऊथच्या इंजिनियरशी इंग्रजीत बोललं. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. त्या फक्त म्हणाल्या, "बरं झालं. भाजी घे आनखी."

पुढच्या आठवड्यात व्हरांड्यात नवा विद्यार्थी आला. मूळचा आमच्याकडचाच, आता जवळच्या अहिवाऱ्याला खाणीकडच्या वजनकाट्यावर बसणारा, माझ्याच वयाचा. बसनं आला होता, पिशवीत स्वतःची ताटली घेऊन. काका आत चहा सांगायला गेले तसा तो मला चिकटला.

"भाऊ, सायब म्हनते इंग्रजी नाही आली तं काट्यावरून काढतो. इथं शिकून खरंच नोकरी टिकते का?"

आतून काकांचा आवाज येत होता, चौघांचा चहा टाक म्हणून. त्या चौघांत मी होतो.

"टिकते," मी म्हणालो. "फक्त रोज घरी जाऊन वाक्य पुरं करत जा."

"घरी कोनासंग बोलू? घरी तं कोनालेच इंग्रजी येत नाही."

"म्हणूनच तं."