टरफलांचं तेल आणि पत्र्यावरचं ऊन

आमच्या नातीने शेंगांच्या टरफलांचं तेल काढलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "फोडणीला चालेल का गं?" दाण्यांचं तेल आयुष्यभर वापरलं, टरफलांचं कधी ऐकलं नव्हतं.

नात वाघोलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. म्हणाली, "आजी, टरफलं वाळवून दळायची आणि हवा लागू न देता झटक्यात खूप तापवायची. वाफ निघते ती लगेच गार केली की हे मिळतं. भट्टीत जाळायला."

वास घेतला तर चुलीचा धूर आणि व्हिनेगर एकत्र. रंग काढ्याचा.

"तेल म्हणतेस, पण यात तेलासारखं आहे काय?"

"फारसं काही नाही," ती हसली. "डिझेलमध्ये मिसळत नाही, पाव भाग तर पाणीच, आणि इतकं आंबट की लोखंड खातं."

आता असले गुण ऐकल्यावर ते कोणी घरात घेईल का? पण कॉलेजची लॅब बंद, आणि तिला मैत्रिणीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं, तिथून पुढे मामाकडे. मग काचेच्या दोन बाटल्या आमच्या बिबवेवाडीच्या फ्रीजमध्ये आल्या. "फ्रीजमध्येच असू दे हं. आल्यावर दुसऱ्याच दिवशी तोंडी परीक्षा आहे, पुन्हा तेल काढायला वेळ नाही," असं बजावून ती गेली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी श्रीखंडाचा घास घेतला आणि शांतपणे विचारलं, "चक्का चुलीवर टांगला होता का?"

मी उठले, झाकण सैल आहे का बघायला फ्रीजमधली एक बाटली काढून तिरकी केली. तेल हलेना. थिजलं की हो! थंडीत खोबरेल थिजलं की आपण काय करतो? उन्हात ठेवतो. पोरीच्या परीक्षेचा प्रश्न, म्हणून मी लगेच ती बाटली गॅलरीच्या पत्र्यावर नेली. दुसरीला जागा नव्हती, कुरडया घातल्या होत्या, म्हणून ती फ्रीजमध्येच राहिली. रोज दहाला कुरडयांबरोबर बाहेर, पाचला कुरडयांबरोबर आत. असे आठ दिवस.

नात आली. मी मोठ्या कौतुकाने बाटली हातात दिली. तिने ती तिरकी केली. तळाला डांबर, वर पाणी.

"अगं आजी, हे उन्हाने पातळ नाही होत, घट्ट होतं! तापलं की आतलं सगळं एकमेकांना चिकटत जातं. फ्रीजमधलं बाहेर सावलीत नुसतं ठेवलं असतंस तरी वाहायला लागलं असतं."

"मग हे सांगून जायचं होतंस!" मी म्हटलं खरं, पण तिचे डोळे भरलेले बघून पदर पुढे केला.

हे पेपरामागून म्हणाले, "स्वयंपाकघरात आलेल्या वस्तूचं आजी काहीतरी करणारच, एवढं तुझ्या पुस्तकात नाही होय?"

नातीने नाक पुसलं. "किती वेळ ठेवायचीस?"

"दहा ते पाच. शुक्रवारी मात्र दोनलाच आत घेतली. ढग आले होते, कुरडया मऊ पडल्या असत्या."

तिने वही काढली आणि आठही दिवसांचं ऊन मला विचारून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा झाली. ती संध्याकाळी आली, चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. "सरांनी विचारलं, हे तेल साठवायला अडचण काय? मी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून तिरक्या केल्या. एकीतलं वाहिलं, एकीच्या तळाचं डांबर हललंसुद्धा नाही. मग पंधरा मिनिटं तुझ्याच बाटलीवर! म्हणाले, शुक्रवारी दोनलाच का काढली?"

"मग? काय सांगितलंस?"

"खरं तेच. कुरडया."

पास झाली हो. मी कढई ठेवली आणि त्याच पत्र्यावरच्या कुरडया तळल्या. ह्यांनी पहिली उचलून आधी वास घेतला. म्हटलं, "खा निमूट. दाण्यांचंच तेल आहे."