सातवी ‘ब’चा शुक्रवारचा तास

पी.टी. शिकवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. पंक्चर झालेले चेंडू आणि किस्से. दोन्ही टाकवत नाहीत आणि दोन्हींचा व्यवहारात उपयोग शून्य! चेंडू शाळेच्या स्पोर्ट्स रूममध्ये पडलेत. किस्से तुमच्यापुढे ओतते.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याची नोकरी डिफेन्स फॅक्टरीत, म्हणून चेन्नईजवळच्या आवडी गावात, तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायला आले आणि जवळच्याच शाळेत मिडल स्कूलची ‘पी.टी. मिस’ झाले. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणाशी बोलावं या विवंचनेत बसले होते, तर समोरच्या खुर्चीतून चक्क मराठी ऐकू आलं. ‘‘डबा आणलां की नाही?’’ या रुक्मिणीबाई. सातवीचं गणित त्यांच्याकडे. कांजीवरमची साडी, कपाळावर विभूती, आणि बोलणं माझ्या पणजीच्याही आधीचं. तंजावरकडच्या मराठी घरातल्या.

मी हरखून विचारलं, तुम्ही कधी आलात इकडे?

‘‘जरा आधी,’’ त्या डबा उघडत म्हणाल्या. ‘‘तीनशे वर्षं झालीं असतील.’’

*

आता या रुक्मिणीबाई म्हणजे माझी मैत्रीण आणि माझ्या तासांची दरोडेखोर, दोन्ही एकाच साडीत! शाळेत माझ्या जिवाचा तास एकच, सातवी ‘ब’चा शुक्रवारचा. त्याच्यानंतर लगेच त्यांचं गणित. परीक्षा जवळ आली की त्या मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या आणि गोड आवाजात म्हणायच्या, पाच मिनिटं आधी देतां का हो वर्ग? ती पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली ते मला अजून कळलेलं नाही.

एकदा घेतलेला वर्ग त्या परत देत नसत. त्यांचा नियम पक्का होता. घंटा होईपर्यंत वर्ग माझा. आमच्याकडे घंटा म्हणजे पिंपळाला टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायला लोखंडी हातोडा. तो वाजेपर्यंत प्रिन्सिपॉल सर स्वतः दारात आले तरी बाई खडू खाली ठेवत नसत.

एकदा शाळेत आगीचं मॉक ड्रिल झालं. सायरन वाजला, सगळे वर्ग रांगेत मैदानावर आले. सातवी ‘ब’ तेवढी वर. मी धावत गेले, तर बाईंचं वर्गमूळ चाललेलं. म्हणाल्या, हा सायरन आहे, घंटा नव्हे. ड्रिल संपल्यावर अग्निशमनचे अधिकारी वर आले आणि गंभीरपणे म्हणाले की खरी आग असती तर या वर्गातली सगळी मुलं जळाली असती.

‘‘जळालीं असतीं,’’ बाईंनी कबूल केलं. ‘‘पण वर्गमूळ सगळ्यांला येतें.’’

*

याच वर्गात कार्तिक नावाचा मुलगा आहे. मैदानावर पाऊल टाकलं की याचा पाय दुखतो. याला मी लिंबाखाली बसवायची. एक दिवस बघते तर गेटवर कैरीवाली आली, तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी विकणारी, आणि हा दुखऱ्या पायाचा इसम असा सुटला की आमचा शाळेचा चॅम्पियन मागे पडला.

झालं! मी त्याचं नाव झोनलच्या शंभर मीटरला घातलं. पोरगं ऐनवेळी रुसून बसू नये म्हणून फिनिश लाइनच्या पलीकडे वर्गातल्या दोघींना कैरीचा द्रोण धरून उभं केलं. कोच म्हणून अभिमान वाटावा अशी युक्ती नव्हे, पण मला मेडल हवं होतं.

शिट्टी झाली. कार्तिक सुसाट निघाला, शेवटच्या दहा मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे. तिथे मात्र त्याने चक्क वेग कमी केला, एकाला पुढे जाऊ दिलं आणि स्वतः दुसरा आला. मी कपाळाला हात लावला. का रे बाबा असं?

तोंडात कैरी कोंबत तो म्हणाला, ‘‘मिस, पहिल्याला फोटोसाठी थांबवतात.’’

*

चेन्नईचे पालक म्हणजे होमवर्कचे भोक्ते. पेरेंट्स मीटिंगला याच वर्गातल्या एका मुलीचे वडील मला म्हणाले की सगळे विषय होमवर्क देतात, मग पी.टी. का नाही? मुलगी घरी काय करणार? म्हटलं, ठीक आहे. रोज दोरीच्या शंभर उड्या.

आठवड्याने तिला उड्या मारायला सांगितल्या, तर पाचव्या उडीला दोरीत पाय अडकून बसली. होमवर्क केलंस का गं? तर म्हणे, हो मिस, रोज पूर्ण झालं.

त्याच संध्याकाळी नवरा घरी येऊन सांगू लागला की सेक्शनमधले एक जण कंबर धरून मेडिकल लीव्हवर गेलेत. नाव ऐकलं आणि मी चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलीला विचारलं. ती निरागसपणे म्हणाली, ‘‘माझे सगळे प्रोजेक्ट अप्पाच करतात, मिस.’’

*

इकडे खरा पाऊस नोव्हेंबरात, तेव्हा आमचं मैदान म्हणजे तळं. मग वर्गात बाकं सरकवून योगासनं. सातवीच्या पोरांना वृक्षासन नको, ताडासन नको, लाडकं एकच. शवासन! तेही एरवी मिनिटभर टिकत नाही. एकाला खाज येते, दुसऱ्याला हसू.

एका शुक्रवारी अशीच सगळी आडवी केली होती. वर्गातली शांतता ऐकून रुक्मिणीबाईंना वाटलं, आत शिक्षकच नाही. त्या खडू घेऊनच आल्या. मला बघून थबकल्या, पण आल्याच आहोत तर म्हणून फळ्यावर गणित लिहिलं आणि विचारलं की कोण जागं आहे?

एक पापणी हलली नाही. बाईंनी दुसरं गणित लिहिलं. वाट बघितली. खोकल्या. घंटा होईपर्यंत पोरं अशी निश्चल पडून राहिली की ऋषिमुनींनी येऊन धडे घ्यावेत. मी कोपऱ्यात तोंडाला रुमाल लावून उभी.

जाताना बाई मला हळूच म्हणाल्या, ‘‘शिकवतां तुम्हीं बरें.’’

*

मग यंदा ते झालं. युनिट टेस्टमध्ये सातवी ‘ब’ गणितात आपटली आणि प्रिन्सिपॉल सरांनी जाहीर केलं की दसऱ्याच्या सुट्टीनंतर शुक्रवारचा पी.टी.चा तास गणिताला. मी भांडले, विनवण्या केल्या. सर म्हणाले, तुमचं म्हणणं पटतं, पण पालकांना काय सांगू? मला रडूच आलं. घर, शाळा, व्हॅन, ट्यूशन यांत या पोरांना पळायला मिळायचं ते तेवढंच. रुक्मिणीबाईंनी मागितलेला नव्हता तो तास, पण नकोही म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

शेवटचा तास नेमका शाळेतल्या आयुधपूजेच्या दिवशी आला. सुट्टीपूर्वी शाळेत मोठी पूजा होते. ज्याचं जे हत्यार, ते पूजेत मांडायचं आणि विजयादशमीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गणिताची पुस्तकं, लॅबमधल्या नळ्या, ऑफिसचा कॉम्प्युटर, माझे चेंडू, दोऱ्या, शिट्टीसुद्धा. सगळ्याला चंदन-कुंकू लागलं, कोहळा फुटला, चुरमुरे-चणे वाटले, आणि सरांनी माइकवरून सांगितलं की आता आपापले तास सुरू करा.

सातवी ‘ब’ मैदानावर आली. चेंडू नाही, दोरी नाही. उगाच तोंडं पाडून उभी. मी पायाने मातीत रेघ ओढली आणि म्हटलं, कबड्डीला काय लागतं रे?

काय खेळली पोरं! कार्तिकचा पाय दुखला नाही. शंभर उड्यांवाली मुलगी तिघांना फरफटत रेघेपर्यंत घेऊन आली. मी शिट्टीऐवजी तोंडात बोटं घालून वाजवत होते. मिरजेत शिकलेली विद्या कामाला आली.

मग रुक्मिणीबाई कडेला येऊन उभ्या राहिलेल्या दिसल्या. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. संपलं, म्हटलं. पण घंटा काही होईना. पोरं खेळतायत, ऊन उतरतंय, वरच्या वर्गांतून शिक्षक खिडकीत येऊन डोकावतायत.

बाईंनी शिपाई मुरुगन अण्णाला हाक मारली. तो हात जोडून म्हणाला की मॅडम, हातोडा पूजेत आहे. त्याचं हत्यार तेच ना! आता विजयादशमीपर्यंत कसा उचलू?

तेवढ्यात प्रिन्सिपॉल सर घामाघूम होऊन आले. सगळ्या शाळेचं टाइमटेबल कोलमडलं होतं. हातोड्याला कुंकू त्यांनीच लावलं होतं, अंगठा अजून लाल होता. त्यांनी रुळाकडे बघितलं, मुरुगनकडे बघितलं आणि शेवटी बाईंना म्हणाले, मॅडम, हा तुमचा तास आहे ना? मुलांना वर्गात घेऊन जा.

खेळ थांबला. दोन्ही बाजूंची पोरं रेघेवर उभी राहून बाईंकडे बघू लागली. मीही.

‘‘घंटा झाली नाही, सर,’’ रुक्मिणीबाई म्हणाल्या. ‘‘घंटा होईपर्यंत वर्ग त्यांचा.’’

आणि हातातलं घड्याळ काढून त्यांनी पर्समध्ये टाकलं.