मामांची रशियन मांजर

माझ्या बायकोच्या मामांना साधी गोष्ट साधी म्हणून आयुष्यात कधी दिसली नाही. भवानी पेठेतल्या त्यांच्या गच्चीवर येऊन बसलेलं कबुतर शर्यतीत वाट चुकलेलं असतं, आणि करकंबच्या शेतात पायाला लागलेला दगड आभाळातून पडलेला असतो. टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात उमर गेल्यामुळे मामा बोलतात मोठ्यानं, आणि माझ्याकडे स्कूटर आहे, म्हणून असल्या प्रत्येक शोधाच्या तपासणीला मलाच जावं लागतं. तो दगड मांडीवर घेऊन मामा माझ्यामागे बसले आणि आम्ही सोलापुरातली तीन कॉलेजं फिरलो. तिसऱ्या ठिकाणच्या प्राध्यापकांनी तो परत देताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला अजून आठवते. मामांशी वाद घालण्यापेक्षा स्कूटरला किक मारणं सोपं, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यांचा फोन आला. "जावईबापू, असाल तसं या. घरात परदेश आलाय."

गेलो. ओसरीवर एका पाटीत जुना टॉवेल अंथरलेला आणि त्यावर एक मांजर. तिच्या अंगावर केस म्हणून नव्हता. कातडीला सुरकुत्या, कानांच्या कडांवर खपल्या, आणि डोळे तेवढे मोठे. कारखान्यामागच्या गटाराजवळ ती मामांना सापडली होती.

"ह्या जातीला केस नसतातच," मामा म्हणाले. त्यांनी सकाळपासून मोबाइलवर अभ्यास केला होता. "कॅनडात एका साध्या मांजरीला असं पिल्लू झालं. लोकांनी नाव दिलं इजिप्तच्या त्या दगडी मूर्तीचं, पन इजिप्तचा काय संबंध न्हाय. दुसरी जात रशियाची. तिकडं डॉन म्हनून नदी हाय. तितल्या एका बाईनं रस्त्यावरचं पिल्लू उचललं. त्याचे केस गळाले. समदे म्हनले आजारी हाय. औषधं केली, केस काय आलं न्हाईत. पुढं त्या मांजरीच्या पिल्लांचेबी गळाले, तवा कळलं की ही जातच येगळी. म्हंजे बगा, त्या बाईलाबी कुनी खरं मानलं नव्हतं."

हे शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. मांजर सारखी मान खाजवत होती.

प्रश्न मामांच्या सूनबाईचा होता. आजारी जनावर घरात ठेवायला ती तयार नव्हती, आणि तिचं चूक नव्हतं. पण मामांनी तिला मोबाइलवरचे फोटो दाखवले, जात समजावली, आणि ती फक्त "बरं" म्हणाली. मांजर राहिली.

चार दिवसांत तिनं खाणं सोडलं. मामांनी मला बोलावलं, आणि या खेपेला आवाज मोठा नव्हता. पाटी मांडीवर घेऊन ते मागे बसले आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कातडी जराशी खरवडली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि म्हणाले, "खरूज आहे, आजोबा. बरीच पसरली आहे. इंजेक्शन देतो, औषधी पाण्यानं दर आठवड्याला अंघोळ घाला. जगली तर केस परत येतील."

मामा पाटीतला टॉवेल सारखा करत राहिले. त्यांना जातीबद्दल विचारायचं होतं, हे मला कळत होतं. विचारलं नाही. "द्या इंजेक्शन," एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर माझा हात धरला. "जावईबापू, घरी बोलू नका. खरूज म्हनलं की सूनबाई तिला भाईर काढंल. आन आत्ता भाईर गेली तर मरंल ती."

मग पुढचे दोन महिने मी खोटं बोललो. सुदैवानं त्या बिनकेसांच्या जातीलाही दर आठवड्याला अंघोळ घालावी लागते. केस नसल्यामुळे अंगावरचं तेल तसंच साचतं म्हणे. त्यामुळे औषधी पाणी खपून गेलं. दर रविवारी मी मांजर धरायची आणि मामांनी चोळायची. माझ्या मनगटांवर अजून ओरखडे आहेत. पेठेतली माणसं रशियन मांजर बघायला यायची, मामा त्यांना डॉन नदीपासून सुरुवात करून सांगायचे, आणि मधेच "काय जावईबापू?" असं विचारलं की मी "व्हय" म्हणायचो. थकलेल्या माणसाला तो शब्द फार सोयीचा पडतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी तिच्या पाठीवर लव आली. मामा म्हणाले, या जातीला थोडी लव असतेच. मग पोटावर आली, शेपटीवर आली, आणि महिन्याभरात पाटीत एक ठसठशीत करड्या पट्ट्यांची मांजर बसलेली दिसू लागली. तशा सोलापुरात गल्लीला दहा असतील. मामांनी स्वयंपाकघरात सूनबाईसमोर बसून सगळं कबूल केलं. मी खाली मान घालून बाजूला उभा होतो.

सूनबाई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "मला पयल्याच दिवशी कळलं हुतं की," ती म्हणाली. "केमला माज्या म्हायेरी शेरडं हायती. खरूज वळखत न्हाय व्हय मी? तुमचं धोतर आन तिचे टॉवेल रोज उकळत्या पान्यात कोन टाकत हुतं?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लई खुशीत हुता, मामंजी."

मांजर आता त्या घरचीच आहे. तिला बघायला कोणी येत नाही. गेल्या आठवड्यात सहज गेलो होतो, तर मामा ओसरीवर एकटेच बसले होते, मांजर मांडीवर. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "जावईबापू, तशी साधीच हाय ही. न्हाय का?"

सवयीनं माझ्या तोंडून "व्हय" गेलं. मामांनी मान हलवली आणि रस्त्याकडे पाहत राहिले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. स्कूटर आठवडाभर दारात उभी आहे, आणि मलाच चुकल्यासारखं वाटतं.